काटा दीडवर

आमच्या घरमालकांना, आप्पांना, झाकणाचं वावडं होतं. लोणच्याची बरणी असो, पाण्याचं पिंप असो, नाहीतर औषधाची बाटली असो, टोपण ते अर्धंच फिरवायचे. आक्का, म्हणजे त्यांची बायको, दिवसातून तीनदा घरभर फिरून सगळी झाकणं घट्ट लावायच्या आणि त्यांची पाठ वळली की आप्पा मागोमाग फिरून ती सैल करायचे. पन्नास वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांना याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. मुंग्यांची तेवढी चंगळ होती.

"कोंडू नये," हे आप्पांचं एकुलतं एक तत्त्वज्ञान. ते दाराला लागू, डब्याला लागू, आणि माणसाच्या पोटातल्या गोष्टीला तर फारच लागू. त्यांना कुणी काही गुपित सांगितलं की त्यांचा चेहरा कासावीस व्हायचा. मला दिवस गेले तेव्हा मी ते फक्त आक्कांच्या कानात सांगितलं होतं. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, असं माझ्या आईनं निपाणीहून बजावलं होतं. आप्पा तिथेच आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते, आणि पेपर उलटा नव्हता एवढंच. संध्याकाळी भाजीवालीनं मला न मागता चिंचेचा गोळा दिला. गल्लीच्या तोंडावरच्या शिंप्यानं "सावकाश चाला, टीचर" म्हटलं. मी तणतणत खाली गेले आणि आप्पांना जाब विचारला.

"पोटात कोंडून ठिवलं की गॅस हुतोय," आप्पा शांतपणे म्हणाले. "आन् वाईट बातमी हाय व्हय? चांगलीच हाय की."

मी चिंचेचा गोळा तोंडात टाकला आणि वर आले.

बेळगावात, टिळकवाडीत, त्यांच्या माडीवर आम्ही आठ वर्षं भाड्यानं राहिलो. मी शाळेत शिकवत होते, नवरा उद्यमबागेत एका कारखान्यात होता. आप्पा स्वतः वडगावच्या विणकराच्या घरातले, पण मागावर ते कधी बसले नाहीत. निपाणीकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर त्यांची सगळी नोकरी झाली. तीस-बत्तीस वर्षं वाफेच्या शेजारी काढल्यावर माणूस एकतर वाफेला भितो नाहीतर तिच्या प्रेमात पडतो. आप्पांचं प्रेम होतं. "दाब म्हंजे काय वैरी न्हाय, टीचर," ते सांगायचे. "त्याला फकस्त वाट पायजे." आमच्या कुकरची शिट्टी झाली की ते खालून ओरडून नंबर द्यायचे. "दोन झाल्या! डाळ आसंल तर अजून एक!" त्यांच्यामुळे माझी डाळ आठ वर्षांत एकदाही करपली नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

ते मला 'टीचर' म्हणायचे आणि 'तुम्ही' म्हणायचे. क्वचित कधी मनापासून काही बोलायचं असलं की एकदम 'पोरी' आणि 'तू' व्हायचं. पुढच्या वाक्याला परत 'टीचर'.

फोनचंही तेच. बोलणं संपलं की ते फोन कापायचे नाहीत. कापणं म्हणजेही बंद करणंच ना! फोन तसाच खिशात जायचा आणि पलीकडच्या माणसाला पुढची दहा मिनिटं आप्पांचं घर ऐकू यायचं. कुकर, आक्का, रस्त्यावरचा भंगारवाला, सगळं. याच सवयीनं पुढे सगळं महाभारत घडलं.

पण त्याआधी चहाचं सांगायला हवं. आप्पा दुसऱ्याच्या घरी फुकटचा चहा प्यायचे नाहीत. फुकटचा म्हणजे काम न करता. कारखान्यात पहिल्या पाळीला गेलं की आधी बॉयलरचा काटा बघायचा, मगच चहाचा पेला हातात घ्यायचा, अशी त्यांच्या उस्तादानं लावलेली शिस्त. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ती अंगात मुरलेली. पहिल्या दिवशी सामान लावून झाल्यावर मी चांगला आल्याचा चहा करून दिला, तर म्हणाले, "मी काय केलोय? काय केलो न्हाय. कशाला चहा?" मी हट्ट धरला. तेव्हा त्यांनी उठून आमच्या मोरीची जाळी काढली, ब्रशनं घासून धुतली, परत बसवली, हात धुतले, आणि तोपर्यंत गार झालेला चहा आवडीनं प्यायले.

रोजच्या चहाला रोज काम हवं. ते काम त्यांना गच्चीवर होतं.

आमच्याकडे बोअरचं पाणी. ते इतकं जड की साध्या सोलरच्या नळ्या दोन वर्षांत क्षारानं भरून जायच्या. म्हणून आप्पांनी वेगळ्या जातीचा सोलर बसवला होता. त्यात आंघोळीचं पाणी तापायला उन्हात जात नाही. उन्हात जातं ते दुसरंच पाणी, मोजकं, चांगलं, नळ्यांतून गोल गोल फिरणारं. ते तापून टाकीतल्या वेटोळ्यात येतं, आंघोळीच्या पाण्याला ऊब देतं आणि परत वर जातं. आप्पा त्याला 'फिरतं पाणी' म्हणायचे. त्या फिरत्या पाण्यासाठी सगळ्यांत उंचावर, जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर, एक बादलीएवढी उघडी टाकी होती आणि शेजारी छत्रीच्या मुठीसारखी वाकलेली एक नळी. पाणी तापलं की फुगायचं, उघड्या टाकीत चढायचं, थोडं वाफ होऊन जायचं. जेवढं गेलं तेवढं रोज सकाळी वरून घालायचं. नाही घातलं की नळ्यांत हवा शिरायची आणि आंघोळीला गार पाणी.

तर आप्पा रोज सकाळी साडेसहाला पितळी तांब्या घेऊन जिना चढायचे, आमच्या गॅलरीतून गच्चीवर जायचे, मग लोखंडी शिडीनं जिन्याच्या खोलीवर. तांब्याभर पाणी घालायचे, नळीवर तळवा ठेवायचे, आणि खाली येऊन आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे. "श्वास चांगला हाय," असा अहवाल द्यायचे. मी चहा द्यायची. पंधरा मिनिटं बसायचे. या पंधरा मिनिटांत मला गल्लीतली सगळी गुपितं कळायची आणि गल्लीला माझी. सकाळी घाईच्या वेळी कधी वैताग यायचा, खोटं कशाला बोलू? डबे भरायचे, पोरीची वेणी घालायची, आणि हे मधोमध बसलेले. पण ते एखाद्या दिवशी आले नाहीत की काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहायचं.

मग एका पावसाळ्यात ते शिडीवरून पडले.

मनगट मोडलं, बाकी थोडक्यात निभावलं. बेंगळुरूहून मुलगा धावत आला. एकुलता एक, हुशार, बापावर माया करणारा, पण बोलणं असं की प्रत्येक वाक्याखाली रेघ मारलेली. त्यानं शिडीवर पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं. आप्पांनी मान हलवली. प्लास्टर निघाल्यावर आठवड्याभरात ते पुन्हा शिडीवर. मी ओरडले, माझा नवरा ओरडला, आक्कांनी तांब्या लपवला. त्यांनी जर्मनचं भांडं घेतलं.

एके दिवशी मुलाचा फोन आला. आप्पा आमच्या उंबऱ्यावरच होते. "न्हाय रं बाबा, शिडीला हातबी लावलो न्हाय," त्यांनी अगदी साळसूदपणे सांगितलं आणि फोन न कापता खिशात टाकला. तेवढ्यात आक्का जिन्यातून कडाडल्या, "लाज न्हाय वाटत? आत्ता उतरलासा की वरनं! लुंगीला अजून गंज लागलाय शिडीचा!"

खिशातून मुलाचा आवाज आला. "बाबा. मी ऐकतोय."

त्या रविवारी तो समोर येऊन बसला आणि त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या. एकतर ती वरची उघडी टाकी काढून टाकायची आणि सगळं बंद करून घ्यायचं, म्हणजे वर चढायची गरजच राहणार नाही. नाहीतर हे घर बंद करायचं आणि दोघांनी बेंगळुरूला चौदाव्या मजल्यावर राहायला यायचं. तिथे खिडक्यासुद्धा पूर्ण उघडत नाहीत, हे आप्पांना ठाऊक होतं. एकदा जाऊन चार दिवस राहून आले होते आणि आल्यावर दोन दिवस अंगणातच बसून होते.

आप्पांचा चेहरा उतरला. मोडलेल्या मनगटावरून हात फिरवत म्हणाले, "बंद कर. काय ते कर. पर मला हितनं हलवू नको."

काम परशरामनं घेतलं. परशराम उचगावचा, घरची शेती, आणि बेळगावात प्लंबिंग. कामाला वाघ होता, फक्त उतावळा. त्यानं आप्पांना सगळं नीट समजावलं. वरची टाकी जाणार. तिच्या जागी एक लाल लोखंडी डबा बसणार, आत रबरी फुगा. पाणी तापून फुगलं की त्या फुग्याला दाबणार, निवलं की फुगा त्याला परत ढकलणार. एक सेफ्टी व्हॉल्व, दाब दाखवणारा एक काटा. बाहेर काही जाणार नाही, आत काही येणार नाही.

"म्हंजे कोंडणार," आप्पा म्हणाले.

"कोंडणार न्हाय ओ, आप्पा. फुग्याला जागा हाय की."

"फुग्याच्या जिवावर?"

"सेफ्टी हाय की वर! तुम्ही बॉयलरवर हुतासा आन् तुमास्नी मी सांगू?"

आप्पांनी तेवढ्यापुरती मान हलवली. पण काम चाललं होतं ते दोन्ही दिवस त्यांनी अंगणात खुर्ची टाकून वर बघत काढले. आणि दुसऱ्या दिवशी परशरामनं त्यांना आयुष्यभर पुरेल असं खाद्य दिलं.

झालं असं, की वरची टाकी काढून झाली, नळ्या जोडून झाल्या, पाणी भरून झालं, आणि लाल डबा काही दुकानातून आला नाही. संध्याकाळी येतो म्हणाले. ती वाकडी नळी टाकी काढताना आभाळाकडे फिरली होती आणि अजून उघडीच होती. त्यात कचरा जाऊ नये म्हणून परशरामनं उचगावच्या शेतात करतात तेच केलं. जेवणाच्या डब्यातलं उकडलेलं कणीस खाल्लं, उरलेल्या बुरकुंडाला फडकं गुंडाळलं आणि नळीत गच्च ठोकून बसवलं. शेतातल्या पायपाला हे चालतं, कारण शेतातला पाइप उन्हात तापून पाणी फुगवत नाही. इथे सोलरच्या काचांवर त्यानं घोंगडं झाकलं होतं खरं, पण वारा सुटला आणि घोंगडं उडून गच्चीच्या कोपऱ्यात पडलं. परशराम खाली जिन्यात पंख्याखाली आडवा झाला होता.

त्याच दुपारी शेजारच्या वकिलांच्या अंगणात मांडव घालून पाहुणे बसले होते. वकिलांच्या मुलीला बघायला निपाणीहून माणसं आली होती. कांदेपोहे फिरत होते. मुलगी नुकतीच समोर येऊन बसली होती आणि मुलाच्या काकांनी घसा खाकरून "आवड कशाची आहे?" असं विचारलं होतं.

तेवढ्यात वर ठॉक्‌ असा आवाज झाला. मी गॅलरीतच कपडे वाळत घालत होते, म्हणून मी स्वतः पाहिलं. नळीतून पाण्याचा फवारा उडाला आणि बुरकुंड आमच्या गच्चीवरून, आंब्याच्या शेंड्यावरून, मांडवाच्या फटीतून थेट काकांच्या पोह्यांच्या ताटलीत. फडकं वाटेत सुटून वकिलांच्या स्कूटरवर पडलं.

आप्पांनी खुर्चीवरून उठून, दोन्ही हात वर करून, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "सांगितलो हुतो! कोंडू नगा म्हणून सांगितलो हुतो!"

मुलाच्या आजींनी ते बुरकुंड उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "मका गोड दिसतोय." आणि ती मुलगी, जी इतका वेळ मान खाली घालून बसली होती, ती फसकन हसली. मग मुलगा हसला. मग मांडवच हसायला लागला. ते लग्न जमलं. आप्पा पुढे कैक दिवस सांगत फिरले की स्थळ आपल्या सोलरनं जमवलं. परशराम मात्र आठवडाभर वकिलांच्या दारावरून जाताना गाडी बंद करून ढकलत न्यायचा.

संध्याकाळी लाल डबा आला, बसला. काटा लावला आमच्या गॅलरीत, स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी, म्हणजे शिडीचा प्रश्नच मिटला. दाब कमी झालाच तर भरायला परशरामनं आपला जुना छोटा हातपंप तिथेच बसवून दिला. पाणी सोडायचा नळ तेवढा खाली परसात काढला, न्हाणीच्या मागे, कढीपत्त्याच्या झाडाशी, म्हणजे आमची गॅलरी भिजायला नको. सकाळी गार असताना काटा दीडवर हवा. तेवढंच लक्षात ठेवायचं.

पहिला आठवडा आप्पा रोज आले. काटा दीडवर. नखानं काचेवर टिचकी मारायचे. काटा दीडवर. चहा प्यायचे, पण कसनुसा चेहरा करून. आठव्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला.

"टीचर, ह्याला काम म्हणायचं व्हय? जे हलतच न्हाय त्याला काय बघायचं?"

"अहो, पण चहा घ्या की."

"नको. उगंच पावना झाल्यासारखं वाटतंय."

आणि नवव्या दिवसापासून ते यायचे बंद झाले. साडेसहाला मी आपली सवयीनं चार कप पाणी ठेवायची. आक्का सांगायच्या की ते नुसते खुर्चीत बसून असतात, दोनदा हाक मारावी लागते, झाकणंसुद्धा सैल करत नाहीत. बरण्या घट्ट बघून मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. मी दोनदा खाली चहा पाठवला. दोन्ही वेळा कप तसाच परत आला, वर साय धरून.

तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी काटा एकवर.

मी जिन्यातून हाक मारली, "आप्पा, काटा उतरलाय!"

खुर्ची करकरली. जिन्यात पावलं वाजली. आप्पा आले, काट्यासमोर उभे राहिले, चष्मा पुसला, टिचकी मारली. "बघितलासा? बंद केलं की असं हुतंय." पंपाचे पाच दांडे मारले. काटा दीडवर. हात धुतले आणि उंबऱ्यावर बसले. त्या दिवशी दोन कप प्यायले, आणि वकिलांच्या जावयाच्या नोकरीची सगळी हकिकत सांगितली.

दुसऱ्या दिवशी काटा परत एकवर. तिसऱ्या दिवशीही.

परशरामला बोलावलं. त्यानं एकेक जोड तपासला, साबणाचा फेस लावून बघितला, टॉर्च घेऊन भिंतीला गाल लावून झोपला. गळती नाही. पुन्हा आला. दोन जोड नवे केले. काटा रोज एकवर. बिचाऱ्याचा चेहरा बघवेना. "टीचर, वीस वर्षांत माझं काम गळलेलं न्हाय ओ," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "ह्या घरात कायतरी हाय. नारळ फोडू काय?" आप्पा त्याच्या शेजारीच उभे राहून गंभीरपणे मान हलवत होते. "फोड. कशात काय आसंल सांगता येत न्हाय."

आणि ही बातमी बेंगळुरूला गेली. कशी जाणार? खिशातल्या फोनवरूनच. मुलानं परशरामला फोन करून सांगितलं की दसऱ्याला मी येतोय, तोवर हे थांबलं नाही तर उगीच खर्च नको, मी दोघांना घेऊनच जातो. परशराम माझ्याकडे येऊन हे सांगताना अक्षरशः घामाघूम झाला होता.

आता मात्र मला काळजी वाटायला लागली. घर सुटलं तर आमचीही माडी सुटणार होती, ते एक. पण खरं सांगायचं तर मला आप्पा चौदाव्या मजल्यावर दिसायला लागले, बंद खिडकीशी बसलेले.

शाळेला सुट्टी होती तो दिवस. उजाडलं होतं. पोह्यांना कढीपत्ता हवा म्हणून मी परसात उतरले. न्हाणीच्या कोपऱ्यावरून वळले आणि थांबलेच. आप्पा झाडाशी उकिडवे बसले होते. नळाखाली पितळी तांब्या. डोळे मिटून, कान लावून, पाण्याच्या आवाजावरून अंदाज घेत होते. तांब्या भरत आला तसा त्यांनी नळ अगदी हळू बंद केला. पाणी कढीपत्त्याला घातलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या तीन आठवड्यांत झाड एवढं का माजलंय.

"आप्पा!"

ते दचकले, तांब्या हातातून सुटला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला.

मी भडकलेच. "तो परशराम तिकडे नारळ फोडायला निघालाय! मुलगा दसऱ्याला येतोय! तुम्हाला बेंगळुरूला जायचंय का? सांगा, जायचंय का?"

"न्हाय."

"मग हे काय चालवलंय?"

ते उठले नाहीत. बसल्या बसल्याच जमिनीकडे बघत म्हणाले, "आगं पोरी, धड असलेला काटा बघायला कोन चढून येतंय? वर यायला मला कायतरी लागतंय का न्हाय?"

"काहीही लागत नाही! नुसतं या. मी कधी नको म्हटलंय?"

"तुला न्हाय लागत. मला लागतंय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला. वर बघितलं तर न्हाणीच्या झरोक्यात आक्का उभ्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मानेनं मला खुणावलं, चल, जा वर. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. "चढून-उतरून आखडलेला गुडघा सुटलाय बघ त्यांचा," नंतर मला हळूच म्हणाल्या. "आन् तासभर माझं डोकं तरी खात न्हाईत."

परशरामला सांगावंच लागलं, नाहीतर त्यानं धंदा सोडून परत ऊस लावला असता. तो आधी कपाळावर हात मारून जिन्यातच बसला. मग इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हातारा बेरकी हाय की ओ! मी तीन आठवडं जेवलो न्हाय धड!" हसून झाल्यावर पाना पिशवीत टाकत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. उतरू दे काटा. फकस्त पोरगा यायच्या येळंला सांबाळा."

दसऱ्याला मुलगा आला, तीन दिवस राहिला. रोज सकाळी गॅलरीत येऊन काटा बघायचा. दीडवर. मोबाइलवर फोटो काढायचा. दीडवर. आप्पा खाली खुर्चीत बसून पाय हलवत होते. तिसऱ्या दिवशी त्यांची अवस्था बघवेना. वर यायला कारण नाही, चहा नाही, आणि पोटात एवढं मोठं गुपित. मला धाकधूक होती की आता फुटणार. ज्या माणसाच्या पोटात माझे दिवस संध्याकाळपर्यंत टिकले नव्हते, तो हे काय ठेवणार? मुलानं निघताना समाधानानं विचारलं, "मग बाबा? बंद केलेलं बरं झालं की नाही?"

आप्पांनी तोंड उघडलं. आक्कांनी डोळे मिटले. मी जिन्याचा कठडा धरला.

"बेस झालं," आप्पा म्हणाले आणि तोंड मिटलं.

मुलाची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि पाच मिनिटांत माझ्या गॅलरीत काटा एकवर आला. त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर तो रोज उतरला. मी रोज हाक मारली, ते रोज आश्चर्य करत वर आले, आणि परसातल्या त्या सकाळबद्दल आम्ही दोघांनी एकमेकांना एक शब्द विचारला नाही.

मागच्या वर्षी आम्ही गावाबाहेर, सांबऱ्याच्या बाजूला, छोटं घर बांधलं. सोडून जायच्या आदल्या दिवशी आप्पा वर आले. काटा बघितला नाही. "नव्या घरात कसली शिष्टीम? उघडी का बंद?"

"बंद."

"परशरामच?"

"हो."

"मग काटा उतरायचा न्हाय," म्हणाले आणि कठड्याला धरून सावकाश खाली गेले.

वास्तुशांतीला दोघं रिक्षानं आले. आप्पा आधी न्हाणीकडे गेले, मग देवाकडे. काट्याला टिचकी मारली. दीडवर. मी चहा दिला. त्यांनी कप हातात घेतला, मग बाजूला ठेवला. "आज काय केलो न्हाय," म्हणाले. प्रसाद तेवढा खाल्ला. पाहुणे गेल्यावर मी धावत जाऊन काटा बघितला. मला आपली वेडी आशा होती. दीडवरच होता. इथेही पाणी सोडायचा नळ परसातच होता, पण त्यांनी त्याला हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या घरातलं पाणी त्यांनी कशाला सोडलं असतं? आणि मला रडूच आलं, चक्क. त्यांच्या लेखी माझं घर आता दुसऱ्याचं झालं होतं.

नंतर मी चार-पाच वेळा बोलावलं. आक्का फोनवर म्हणायच्या, "येतो म्हणत न्हाईत गं. काम न्हाय तर कशाला जायचं, म्हणतात." माडीवर आता बँकेतला एक मुलगा राहायला आलाय. नऊला उठतो, चहा पीत नाही. आक्का म्हणाल्या, आजकाल झाकणं पुन्हा घट्ट असतात.

काल सकाळी मी तांब्या घेऊन परसात गेले. नळाखाली धरला, कान लावला, आणि भरत आल्यावर हळू बंद केला. नवं कढीपत्त्याचं रोप लावलंय, त्याला पाणी घातलं. मग आत येऊन काटा बघितला आणि फोन लावला.

"आप्पा, काटा उतरलाय."

पलीकडे पेपर खाली ठेवल्याची सळसळ झाली. मग आवाज आला, "किती?"

"एकवर आलाय."

"परशरामला सांगितलीस?"

"नाही."

"सांगू नको. त्याला काय कळतंय! आन् पोरी, कशाला हात लावू नको. आलोच."

फोन अर्थातच कापला नाही. खुर्ची करकरली. मग आप्पांचा आवाज आला, "आगं, माझी चप्पल कुठं हाय? टीचरच्यात गळती लागलीय." आक्का मोठ्यानं हसल्या. "तिथं कढीपत्ता लावलाय काय ईचारा," त्या म्हणाल्या. चपला वाजल्या. दार उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला नाही.

मी फोन तसाच ओट्यावर ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. वर झाकण ठेवलं नाही.